अपघातानंतरचे पहिले दोन तास: चालकाची तपासणी संशयावर सोडू नका

मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते: "चालकाच्या रक्ताचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत." ते वाचून आपण निर्धास्त होतो. आता काय ते प्रयोगशाळेत कळेलच, असे वाटते. पण एक गोष्ट त्या वाक्यात बहुधा नसते. रक्त किती वाजता घेतले?

डॉक्टर म्हणून सांगतो, अहवालातल्या आकड्याइतकीच ही वेळ महत्त्वाची असते. आपला कायदा आणि आपली पद्धत या वेळेकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. आजचा लेख त्याबद्दल आहे. आधी शरीरात काय घडते ते पाहू, मग कायदा काय म्हणतो ते आणि शेवटी माझे मत.

रक्तातली दारू थांबून राहत नाही

दारू पोटातून आणि लहान आतड्यातून रक्तात जाते. तिथून ती मेंदूपर्यंत पोहोचते आणि यकृत तिचे विघटन करू लागते. यकृताचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. साधारणपणे तासाला दर १०० मिलिलीटर रक्तामागे १५ ते २० मिलिग्रॅम दारू कमी होते. कुणाचा वेग थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त. लिंबूपाणी, कडक चहा, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. झोप उडेल, पण दारू उतरणार नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आता एक साधे गणित करू. एका चालकाच्या रक्तात रात्री २ वाजता ९० मिलिग्रॅम दारू आहे, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. तासाला १५ मिलिग्रॅम कमी होत गेली तर पहाटे ४ वाजता ६० राहील. सकाळी ६ वाजता ३०, म्हणजे बरोबर मर्यादेवर. ८ वाजता शून्य.

माणूस तोच, अपघातही तोच. रक्त अडीच वाजता घेतले तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. आठ वाजता घेतले तर अहवाल येईल, "मद्यांश आढळला नाही". प्रयोगशाळा खोटे बोललेली नसते. तिला उशिरा विचारले गेलेले असते.

महाराष्ट्राने हे वारंवार पाहिले आहे

२८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्याच्या हिल रोडवर अभिनेता सलमान खान यांची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. रक्त घेतले गेले ते त्या दिवशी दुपारी. अहवालात ६२ मिलिग्रॅम असा आकडा आला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली आणि १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. रक्ताचा नमुना कसा घेतला, कसा जपला, प्रयोगशाळेपर्यंत कसा पोहोचला, यावर उच्च न्यायालयाने गंभीर शंका घेतल्या. त्या रात्री काय झाले याचा निवाडा करणे माझे काम नाही. वेळेत आणि नीट घेतलेला एक नमुना असता, तर हा वाद तेरा वर्षे चालला नसता. आरोपीलाही लवकर न्याय मिळाला असता आणि जखमींनाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने मोटरसायकलला धडक दिली. त्यात दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचे सांगण्यात आले. ससून रुग्णालयात रक्त घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे अपघाताला आठ तास उलटून गेल्यावर. पुढे पोलिसांचा आरोप असा की ते रक्त फेकून देऊन दुसऱ्याचे रक्त ठेवण्यात आले. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, म्हणून हा प्रकार समोर आला. दोन डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. अदलाबदलीची चर्चा खूप झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आठ तासांच्या उशिराची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. नमुना बदलला नसता, तरी आठ तासांनंतरचे रक्त रात्रीबद्दल काय सांगणार होते?

त्यानंतर दोनच महिन्यांत, ७ जुलै २०२४ च्या पहाटे, वरळीत बीएमडब्ल्यू गाडीने स्कूटरवरच्या दांपत्याला उडवले. त्यातील महिलेचा मृत्यू झाला. चालक पसार झाला आणि ९ जुलैला सापडला. दोन दिवसांनी घेतलेल्या रक्तात दारू सापडण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. म्हणजे पळून जाणाऱ्याला कुणी काही शिकवावे लागत नाही. जितका उशिरा सापडेल तितका "स्वच्छ".

आता उलट उदाहरण. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी होरपळून गेले. टायर फुटला, असे सुरुवातीला चालकाचे म्हणणे होते. परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. चालकाचे रक्त त्याच दिवशी घेतले होते आणि अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने त्यात मद्यांश असल्याचा अहवाल दिला. नमुना वेळेत घेतला तर पुढच्या चौकशीला आणि वादालाही काहीतरी ठोस आधार मिळतो.

कायदा "संशय आला तर" म्हणतो

बऱ्याच लोकांची समजूत अशी की अपघातात माणूस गेला तर चालकाची तपासणी आपोआप होते. तसे नाही. कलम २०३ म्हणते की अपघातानंतर, चालकाने दारू किंवा अमली पदार्थ घेतला असावा असा वाजवी संशय असेल, तर गणवेशातील पोलीस अधिकारी त्याला श्वासाचा नमुना द्यायला सांगू शकतो. "सांगू शकतो", म्हणजे सांगितलेच पाहिजे असे नाही. श्वासात दारू दिसली किंवा त्याने नकार दिला, की कलम २०४ खाली रक्त घेता येते. विनाकारण नकार दिला तर कलम २०५ नुसार तो नकारच त्याच्या विरोधात धरता येतो.

दोन तासांची मर्यादा कायद्यात आहे. पण कलम २०२ मध्ये ती अटकेपासून मोजली जाते. कलम १८५ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेनंतर दोन तासांत व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडावे लागते. श्वासतपासणी "शक्य तितक्या लवकर" करावी असे कायदा म्हणतो, पण अपघातापासून अमुक तासांत असे कुठेच नाही. यकृताला अटक कधी झाली हे ठाऊक नसते. त्याचे घड्याळ शेवटच्या घोटापासून चालू असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या अपघातात मृत्यू झाला आहे किंवा कुणी गंभीर जखमी आहे, त्यातील प्रत्येक चालकाची तपासणी सक्तीची असावी. तिला संशयाची अट नको आणि वेळ अपघातापासून मोजली जावी.

संशय कुणावर येतो?

आपल्या जिल्ह्याचेच बघा. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे जातो. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. अशा ट्रॉलीवर मागून चारचाकी आदळली, तर पहिला संशय कुणावर येतो? अंगावर मळके कपडे असलेल्या ट्रॅक्टरवाल्यावर. चारचाकीतल्या साहेबांना मात्र खुर्ची आणि पाणी मिळते. त्यांनी काही घेतले असेल असा विचारही पटकन मनात येत नाही, आणि आला तरी विचारायची हिंमत होत नाही.

संशयावर चालणारा नियम गरिबाला आधी पकडतो आणि वजनदार माणसाला आधी सोडतो. सगळ्यांची तपासणी ठरलेली असेल तर पोलिसालाही बरे. "साहेब, नियमच आहे," एवढे म्हटले की झाले. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरलाही बरे. कुणाचा फोन आला तरी त्याच्या हातात निवडीचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक परिणाम होतो तो आकडेवारीवर. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. सरकारी अहवालात त्यांपैकी नशेत वाहन चालवल्यामुळे झालेले मृत्यू जेमतेम दोन-तीन टक्के दिसतात. रात्री कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला हा आकडा पटणार नाही. तपासले नाही की सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून प्रश्न लहान वाटतो.

वास हा पुरावा नाही, आणि निदानही नाही

"तोंडाला वास येत होता, तोल जात होता, जीभ जड झाली होती." एवढ्यावर माणूस दारू प्यालेला होता असे धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले होते.

वैद्यकीयदृष्ट्या ते अगदी योग्य आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर खूप खाली गेली तर तो बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो. साखर फार वाढून शरीरात आम्ले साठली तर श्वासाला गोडसर, फळासारखा वास येतो. फिट येऊन गेलेला माणूस काही वेळ भांबावलेला असतो. आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे डोक्याचा मार. मेंदूत रक्तस्राव होत असलेला माणूस हुबेहूब दारुड्यासारखा दिसू शकतो. "पिलेला आहे, उतरल्यावर उठेल" म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवले, तर तो उठतच नाही.

म्हणून ही तपासणी केवळ शिक्षेसाठी नाही. श्वासात किंवा रक्तात दारू नाही असे कळले, की डॉक्टर लगेच साखर आणि सीटी स्कॅनकडे वळतो. दारू आहे असे कळले तरी डोक्याला मार नाही असे धरून चालत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. आणि चूक नसलेल्या चालकाला जमावाच्या रागापासून वाचवणारा कागदही हाच.

गांजा, गोळ्या आणि खोकल्याचे औषध

अमली पदार्थांचे गणित वेगळे आहे. दारूसारखा ठरावीक आकडा इथे कायद्यात नाही. अंमलामुळे चालकाचा वाहनावर ताबा राहू शकत नव्हता, हे दाखवावे लागते. गांजाचा अंमल आणणारा घटक रक्तातून काही तासांत झपाट्याने कमी होतो. पण त्याचे अवशेष लघवीत कित्येक दिवस, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर माणसाने कधीतरी गांजा घेतला होता एवढेच कळते. अपघाताच्या वेळी तो अमलाखाली होता की नाही, ते कळत नाही. म्हणून इथे रक्तही वेळेत हवे, आणि डॉक्टरने त्याच वेळी केलेली तपासणीही लेखी हवी: बुबुळे, नाडी, बोलणे, चाल, भान.

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही यात येतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, सर्दीच्या काही जुन्या गोळ्या यांनी गुंगी येते. त्यात दोन घोट दारूची भर पडली तर परिणाम कितीतरी वाढतो. रात्रपाळीला ट्रक, बस किंवा रुग्णवाहिका चालवणाऱ्यांनी आपला व्यवसाय डॉक्टरला आवर्जून सांगावा. गुंगी न आणणारे पर्याय बहुतेक वेळा असतात.

इतर ठिकाणी काय करतात?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७४ पासून, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या १५ वर्षांवरील जखमींचे रक्त घेणे सक्तीचे आहे. ब्रिटनमध्ये अपघातात सापडलेल्या कुठल्याही चालकाची श्वासतपासणी पोलीस करू शकतात, दारूचा संशय असण्याची गरज नाही. बेशुद्ध चालकाचे रक्तही तिथे घेऊन ठेवता येते. तो शुद्धीवर आल्यावर त्याची परवानगी घेऊनच ते तपासतात, पण तोवर वेळ वाया गेलेली नसते. अमेरिकेत व्यावसायिक चालकांच्या जीवघेण्या अपघातानंतर दारूची तपासणी दोन तासांत अपेक्षित असते. ती झाली नाही तर का झाली नाही ते मालकाला लिहून ठेवावे लागते. आठ तासांनंतर दारूची तपासणी करतच नाहीत. अमली पदार्थांसाठी मुदत ३२ तासांची आहे.

आपल्याकडे रेल्वेचा लोको पायलट ड्युटीवर येताना श्वासतपासणी देतो. त्यात त्याला अपमान वाटत नाही, कारण ती सगळ्यांना द्यावी लागते.

नेमके काय व्हावे?

१. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या अपघातात प्रत्येक चालकाची श्वासतपासणी जागेवर किंवा पहिल्या रुग्णालयात व्हावी. दुचाकीवाला असो, ट्रॅक्टरवाला असो की मोटारीतले साहेब.

२. रक्त अपघातापासून दोन तासांत घ्यावे. उशीर झाला तर कारण आणि वेळ लेखी नोंदवावी. उशीर झाला म्हणून नमुना टाळू मात्र नये.

३. रक्त पहिल्याच सरकारी रुग्णालयात घ्यावे. गंगाखेड, सेलू किंवा जिंतूरहून रुग्ण परभणीला, तिथून नांदेडला जाईपर्यंत चार-पाच तास सहज जातात. पाच मिलिलीटर रक्त काढायला पाच मिनिटे लागतात.

४. नमुना नीट घ्यावा. आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखालचे रक्तचाचणीचे नियम १९५९ पासून आहेत. त्वचा पुसायला स्पिरिट वापरायचे नाही, कुपीत रक्त न गोठू देणारे आणि टिकवणारे रसायन हवे, कुपी सीलबंद हवी आणि सात दिवसांत रवाना व्हायला हवी. सोडियम फ्लोराइड नसेल तर जंतूंमुळे नमुन्यातला दारूचा आकडा बदलू शकतो.

५. दोन कुप्या घ्याव्यात, एक तपासणीला आणि एक राखीव. दोन्हींवर बारकोड असावा, रक्त घेतानाचे चित्रीकरण असावे. चालकाला फेरतपासणी मागता यावी.

६. मृत चालकाचेही रक्त शवविच्छेदनाच्या वेळी तपासावे. मेलेल्यावर सगळा दोष टाकणे सोपे असते.

आक्षेप

"हे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नाही का?" सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्येच बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असे सांगितले. रक्ताच्या नमुन्यालाही तेच तत्त्व लावले जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली, पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर अटक केलेल्या आरोपीचे रक्त घेऊ शकतात.

"जखमी माणसावर उपचार करायचे की रक्त काढत बसायचे?" आधी उपचार, यात वाद नाही. तपासणीने उपचारांना बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टरला दिलेला आहे आणि तो राहायलाच हवा. पण अशा रुग्णाला सलाईनसाठी सुई लावतोच. त्याच वेळी आणखी एक कुपी भरणे अवघड नाही. अट एवढीच की तिथली त्वचा स्पिरिटने पुसलेली नसावी.

"सगळ्यांची तपासणी म्हणजे सगळ्यांवर अविश्वास." मला उलट वाटते. संशय घेऊन एकालाच बाजूला काढणे हा अविश्वास. सगळ्यांना सारखा नियम हा विश्वास.

तुमच्या हातात काय आहे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत एवढे लक्षात ठेवा.

घरातल्या कुणाचा अपघात झाला असेल, तर रुग्णाला सांभाळणारा एक जण आणि पोलीस ठाण्यात जाणारा एक जण अशी वाटणी करा. तपास अधिकाऱ्याला विचारा: समोरच्या चालकाची तपासणी झाली का? किती वाजता? कुठे? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. अर्ज लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. दुःखाच्या वेळी हे करणे कठीण असते. म्हणून शेजाऱ्याने, नातेवाइकाने ते काम उचलावे.

तुम्ही स्वतः गाडी चालवत होतात आणि काही घेतलेले नव्हते, तर पळू नका. ११२ ला फोन करा, जखमीसाठी १०८ बोलवा आणि "माझी तपासणी करा" असे स्वतःहून म्हणा. जमावाची भीती वाटली तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

रस्त्यावर जखमीला मदत करणाऱ्यालाही घाबरायचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिले आहे.

आणि घेतली असेल तर चावी दुसऱ्याकडे द्या. लग्नाच्या वरातीतून, धाब्यावरून, पार्टीतून निघताना "मला काही होत नाही" हे वाक्य दारूच बोलत असते. पहिला परिणाम मेंदूच्या त्याच भागावर होतो, जो आपल्याला आपली चूक दाखवतो.